आड कोण आलं? थाई मालिकांतली ताटातूट

बँकॉकमधल्या एका खासगी रुग्णालयाला जाहिरातीसाठी प्रसिद्ध चेहरा हवा असतो. निवड होते अर्न नावाच्या अभिनेत्रीची. त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर फालादाला हे कळतं, तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकते. काही वर्षांपूर्वी या दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं आणि अर्न तिचं मन मोडून निघून गेली होती. आता तिचंच तोंड कामाच्या जागी पाहावं लागणार. ‘द सीक्रेट ऑफ अस’ नावाची ही मालिका २०२४ साली थायलंडच्या चॅनल ३ वर लागली. लिंगलिंग क्वाँग आणि ऑर्म कोर्नाफात या दोघींनी ती आपल्या खांद्यावर पेलली आहे. दोन स्त्रियांच्या प्रेमाची त्या वाहिनीची ही पहिलीच मालिका. तरी गोष्टीचा साचा थाई प्रेक्षकांच्या ओळखीचा आहे, आणि पहिल्याच भागात आपल्यालाही कळून चुकतं, की शेवटी या दोघी एकत्र येणार.

मग पुढचे इतके तास आपण कशासाठी बसतो? मला वाटतं, यांच्या आड नेमकं कोण आलं होतं हे जाणून घेण्यासाठी. मिलनाचे प्रसंग जगभर जवळपास सारखेच असतात. पाऊस, विमानतळ, समुद्रकिनारा, मिठी. ताटातूट मात्र ज्या त्या समाजाची आणि ज्या त्या काळाची असते. कुणाच्या शब्दाखातर सोडलं, कुठल्या भीतीपोटी सोडलं, कुणाची अब्रू राखायला सोडलं, यातून तो समाज उघडा पडतो. थाई मालिकांमध्ये प्रेमाच्या आड येणारी माणसं आणि कारणं गेल्या काही दशकांत बदलत गेली आहेत. ती ओळीनं मांडली, की थायलंडचा एक घरगुती इतिहासच हाती लागतो.

आधी या मालिकांच्या घडणीविषयी थोडं. थायलंडमध्ये दूरदर्शन आलं १९५५ साली आणि पुढच्याच वर्षी पहिलं टीव्ही नाटक प्रसारित झालं. त्यात सुरियानी नावाची मुलगी लग्नाला नकार देते, हेच त्याचं शीर्षकही होतं. म्हणजे प्रेम, लग्न आणि नकार ही त्रयी तिथल्या पडद्यावर पहिल्या दिवसापासून आहे. या मालिकांना तिकडे ‘लकोर्न’ म्हणतात. रात्रीच्या मुख्य वेळी, आठवड्यातून दोन किंवा तीन रात्री, जाहिराती धरून तास-दोन तासांचा एकेक भाग. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन-तीन महिन्यांत गोष्ट संपते. आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला हा मोठा दिलासा आहे. गैरसमज झाला, तर तो कधीतरी मिटणार आहे, कारण लेखकाजवळ मोजकेच भाग आहेत. अबोला लांबला, तर तो कथेच्या गरजेनं लांबतो.

दुसरी गोष्ट, यातल्या बऱ्याच मालिका लोकप्रिय कादंबऱ्यांवर बेतलेल्या असतात आणि तीच कादंबरी दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या चेहऱ्यांसह पुन्हा पडद्यावर येते. आजीनं पाहिलेली, आईनं पाहिलेली गोष्ट नात पुन्हा बघते. शेवट सगळ्यांना पाठ असतो. त्यामुळे चर्चा रंगते ती वेगळ्याच मुद्द्यांवर: या वेळच्या नायिकेनं माफ करताना जास्त घाई केली का, या वेळच्या नायकाचा पश्चात्ताप खरा वाटला का. कादंबरी तीच राहते, पण माफी किती स्वस्त असावी याविषयीचं समाजाचं मत बदलतं, आणि ते नव्या आवृत्तीत उमटतं.

या सगळ्याच्या मुळाशी मालिकांपेक्षा कितीतरी जुनी गोष्ट आहे. ‘खुन चांग खुन फेन’ हे थाई लोककाव्य गायकांच्या तोंडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. सुफान बुरी गावातली तीन मुलं एकत्र वाढतात. देखणा आणि मंत्रविद्या जाणणारा फ्लाय केव, तोच पुढे खुन फेन होतो. श्रीमंत पण कुरूप खुन चांग. आणि दोघांनाही हवी असलेली फिम, जिचं नाव पुढे वान्तोंग होतं. तिचं लग्न आवडत्या माणसाशी लागतं, पण राजाज्ञेनं तो लढाईवर जातो. मागे खुन चांग अफवा उठवतो, की तो मेला. नवरा परत येतो तो दुसरी बायको घेऊनच. भांडण होतं, तो रागानं निघून जातो, आणि पुढची कितीतरी वर्षं वान्तोंग या दोघांमध्ये ओढली जाते. शेवटी प्रकरण राजासमोर जातं. राजा तिला विचारतो, तुला कुणाकडे राहायचंय? तिला उत्तर देता येत नाही. राजा तिला मृत्युदंड देतो.

लढाई, राजाज्ञा, श्रीमंताचं खोटं, नवऱ्याचा अहंकार, हे सगळे आड आले आणि शिक्षा मिळाली तिला. वर बदनामीही तिचीच. ‘दोन मनांची वान्तोंग’ ही थाई भाषेतली चारित्र्यहीन बाईला द्यायची शिवी होऊन बसली. या काव्यातला भाग तिथल्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही असतो. २०२१ मध्ये वन ३१ या वाहिनीनं ‘वान्तोंग’ ही मालिका आणली, दाविका हूर्न या अभिनेत्रीला घेऊन, आणि ही सगळी कथा तिच्या बाजूनं सांगितली. दोन पुरुषांमध्ये घुटमळणारी बाई असं जिला म्हणत आले, तिला मुळात कुणी कधी विचारलं होतं का, हा प्रश्न त्या मालिकेनं घराघरांत नेला. ज्या प्रश्नाचं उत्तर न दिल्याबद्दल तिला मारलं, तो प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारला गेला होता, तोही सिंहासनावरून. मला या मालिकेचं मोल फार मोठं वाटतं. आपल्याकडेही ज्यांची बाजू कुणी ऐकली नाही अशा बायका लोककथांत कमी नाहीत.

दुराव्याची दुसरी मोठी कथा विसाव्या शतकातली आहे आणि थाई माणसाच्या मनात तिला जे स्थान आहे, ते बाहेरच्याला पटकन उमगत नाही. लेखिका थोम्मयन्ती यांची ‘खू काम’ ही कादंबरी १९६९ साली पुस्तकरूपात आली. तिच्यावर पुढे अनेक चित्रपट आणि मालिका निघाल्या. काळ दुसऱ्या महायुद्धाचा. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौजा थायलंडमध्ये उतरतात. बँकॉकच्या नदीपलीकडच्या थोनबुरी भागात अंगसुमालिन ही विद्यार्थिनी आई आणि आजीसोबत राहते. तिथल्या गोदीवर कोबोरी नावाचा तरुण जपानी अधिकारी नेमला जातो. तो तिच्या प्रेमात पडतो. तिनं मात्र इंग्लंडला शिकायला गेलेल्या मित्राला वाट पाहीन असा शब्द दिलेला आहे, आणि समोरचा माणूस तर देश व्यापून बसलेल्या सैन्याचा. लोकांची तोंडं बंद करायला आणि दोन सरकारांच्या सोयीसाठी त्यांचं लग्न लावून दिलं जातं.

इथून या कथेची खरी ताकद सुरू होते. हे दोघं एकाच घरात राहून दुरावलेले आहेत. त्यांच्यात गैरसमज नाही, लपवलेलं पत्र नाही, कारस्थानी तिसरी बाई नाही. त्याचं तिच्यावर प्रेम आहे हे तिला ठाऊक आहे, आणि आपल्यालाही तो आवडू लागलाय हेही तिला आतून कळतं. पण ते मान्य करणं म्हणजे देशाशी आणि दिलेल्या शब्दाशी बेइमानी, असं तिनं स्वतःला बजावलेलं आहे. म्हणून ती त्याला घालूनपाडून बोलते, नाकारते, ढकलते. इंग्लंडला शिकायला गेलेला तो मित्र फ्री थाई या भूमिगत चळवळीतून परततो आणि तिचा पेच आणखी घट्ट होतो. अखेरीस मित्रराष्ट्रांची विमानं बँकॉक नोई रेल्वे स्थानकावर बाँब टाकतात, कोबोरी त्यात सापडतो आणि ढिगाऱ्यात मरणाऱ्या नवऱ्याला शोधत आलेली अंगसुमालिन त्याला पहिल्यांदा सांगते, की माझं तुझ्यावर प्रेम आहे.

या स्थानकावर नोव्हेंबर १९४४ मध्ये खरोखरच बाँब पडले होते. आज त्या जागेवरच्या जुन्या स्थानकाच्या इमारतीत सिरिराज रुग्णालयाचं संग्रहालय आहे. १९९० साली चॅनल ७ वर थोंगचाय मॅकिन्टायर हा गायक-अभिनेता कोबोरी झाला, आणि ती आवृत्ती आजही प्रमाण मानली जाते. शेवटच्या भागाच्या रात्री बँकॉकचे रस्ते ओस पडले होते, अशी आठवण त्या पिढीतली माणसं सांगतात. १९८८ नंतर रविवारी सकाळी आपल्याकडे ‘महाभारत’साठी जे घडायचं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना याची कल्पना येईल. शत्रू सैन्याचा अधिकारी एका राष्ट्राचा लाडका नायक होतो, ही साधी गोष्ट नाही. त्यात थोम्मयन्ती स्वतः कडव्या राष्ट्रवादी विचारांच्या, १९७६ च्या डाव्या विद्यार्थ्यांविरुद्धच्या वातावरणात उजव्या व्यासपीठांवरून बोलणाऱ्या. त्यांच्याच लेखणीतून असा नायक उतरावा, याचं मला राहून राहून नवल वाटतं. त्या २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या राजकारणाशी आपलं पटो न पटो, राष्ट्र प्रेमाच्या आड आलं तर माणसाचं काय होतं हे त्यांनी ज्या धीटपणे लिहिलं, त्याला तोड नाही.

यानंतरचा टप्पा मात्र मनाला टोचणारा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. थाई मालिकांचा एक मोठा प्रवाह ‘थप्पड-चुंबन’ या नावानं ओळखला जातो. तिथले प्रेक्षकच त्याला असं म्हणतात. साचा असा: नायकाच्या घरच्या कुणाचं तरी वाटोळं होतं, त्याचा सूड तो नायिकेवर उगवतो, आणि बहुतेक वेळा तिचा त्यात काडीचा दोष नसतो. २००८ च्या ‘चामलोय राक’मध्ये भावाच्या मृत्यूला जबाबदार समजून नायक भलत्याच मुलीला पळवून बेटावर नेतो. त्याच वर्षीच्या ‘सावान बियांग’मध्ये नायिकेच्या बहिणीनं नायकाच्या वडिलांशी लग्न केलं, या रागातून तो नायिकेवर बलात्कार करतो. मग ती दूर जाते, मग त्याला पश्चात्ताप होतो, मग उरलेले भाग तो तिची मनधरणी करतो आणि शेवटी ती त्याला स्वीकारते. केन थीरादेत आणि अ‍ॅन थोंगप्रासोम यांचा अभिनय त्यात उत्तम आहे, हे मान्य करूनही सांगते: अशा ताटातुटीला रुसवा म्हणता येत नाही आणि अशा परतण्याला मिलन म्हणता येत नाही. हिंसेला प्रेमाची पहिली पायरी म्हणून दाखवणं हा गुन्हाच आहे. थायलंडच्या टीव्हीवर सिगारेट आणि दारूचा पेला धूसर करून दाखवतात, नियमच आहे तसा. पण बाईवरची जबरदस्ती कित्येक वर्षं स्वच्छ दिसत राहिली. तिथल्या स्त्रियांनी, अभ्यासकांनी याविरुद्ध आवाज उठवला, सह्यांच्या मोहिमा निघाल्या, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत हा साचा बराच मागे पडलाय. पूर्ण गेलेला नाही. नव्यानं बघणाऱ्यानं जुन्या मालिका निवडताना हे ध्यानात ठेवावं.

दुरावा मिटवायच्या थाई रीतीतही बघण्यासारखं पुष्कळ आहे. नायकानं नायिकेची माफी मागून भागत नाही. आईवडिलांसमोर, आजीसमोर गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून क्षमा मागावी लागते, बहुधा हातात मोगऱ्यासारख्या फुलांचा गजरा घेऊन. एप्रिलमधल्या सोंग्क्रान सणात वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची प्रथा आहे. मालिकांना ही आयतीच जागा सापडते. कधी नायक काही काळासाठी भिक्खू होतो. थाई पुरुषांमध्ये आयुष्यात एकदा अशी तात्पुरती दीक्षा घेण्याची जुनी चाल आहे, आईवडिलांना पुण्य लाभावं म्हणून. भिक्खूला स्त्रीनं स्पर्श करायचा नसतो, वस्तूसुद्धा कापडावर ठेवून द्यायची. त्यामुळे जिच्यासाठी जीव तुटतोय ती दोन हात अंतरावर उभी आहे आणि तिचा हात धरता येत नाही, असा प्रसंग कुठलाही संवाद न लिहिता तयार होतो. जन्मोजन्मीचं देणंघेणं हाही तिथल्या प्रेमकथांचा पाया आहे. २०१८ च्या ‘बुप्पे सन्निवात’मध्ये आजची मुलगी सतराव्या शतकातल्या अयुथ्थयेत जाऊन पोचते आणि मालिका इतकी गाजली, की लोक जुन्या काळाचे कपडे घालून तिथल्या वात चायवत्थनाराम मंदिरात गर्दी करू लागले. तिच्यात मारिया गुयोमार ही खरीखुरी ऐतिहासिक स्त्रीही आहे, अंड्याच्या पोर्तुगीज मिठाया थाई स्वयंपाकात आणल्याचं श्रेय जिला देतात ती. तिच्या वडिलांचं मूळ इतिहासकार गोव्याशी जोडतात. एवढ्या दूरच्या मालिकेत गोवा असा भेटला, की बरं वाटतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या मालिकेकडे येते. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’चा पहिला भाग लाइन टीव्ही या तिथल्या ऑनलाइन मंचावर आला. एकूण पाचच भाग. दिग्दर्शक नारुबेत कुनो, निर्मिती नादाव बँकॉक या कंपनीची. जागा फुकेत. पण पर्यटकांचं, किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचं फुकेत नव्हे. कथिलाच्या खाणींसाठी आलेल्या होक्कियन चिनी लोकांनी वसवलेलं जुनं शहर, रंगीत भिंती आणि कमानी असलेली घरं, नूडल्सची छोटी दुकानं. तिथे ‘ते’ आणि ओएव हे दोन जिवलग मित्र लहानपणी एकमेकांशी बोलणं टाकतात. कारण शाळेतल्या नाटकातली भूमिका. एकाला हवी असलेली ती दुसऱ्याला मिळाली. मोठ्यांना हसू येईल असं कारण, पण मुलांच्या जगात ती फाळणीच असते. काही वर्षांनी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी लावलेल्या चिनी भाषेच्या शिकवणीत दोघं समोरासमोर येतात.

पुत्थिपोंग अस्सरतनकुल आणि क्रित अम्नुआयदेचकोर्न या दोन तरुण नटांनी हा अबोला ज्या बारकाईनं उभा केलाय, तो बघावाच. ‘ते’ अभ्यासात हुशार, म्हणून तो ओएवला शिकवू लागतो. चिनी शब्दांच्या चिठ्ठ्यांमधून जुनी मैत्री परत येते आणि मैत्रीच्या पुढचं काहीतरीही डोकं वर काढतं. ‘ते’ घाबरतो. इथे आड कोण आलंय? खलनायिका नाही, सूड नाही, युद्ध नाही. ‘ते’च्या आईचं होक्कियन नूडल्सचं दुकान आहे, तिची सगळी आशा या मुलाच्या प्रवेशावर टांगलेली आहे. वडील नाहीत. अशा घरातला मुलगा स्वतःला वेगळं असण्याची परवानगी कशी देईल? आणि मग तो आपला मिळालेला प्रवेश सोडून देतो, ओएवला जागा मिळावी म्हणून. प्रेम म्हणून तो हे करतो, पण चटका बसतो आईला. त्यानंतरचा आई-मुलाचा प्रसंग मी जितक्यांदा पाहिला, तितक्यांदा मला दोघांचीही बाजू पटली. दहावी-बारावीच्या निकालावर अख्ख्या घराचं भवितव्य तोलणाऱ्या मराठी कुटुंबांना हे समजावून सांगायची गरजच नाही.

२०२१ मध्ये पुढचं पर्व आलं, ‘आय प्रॉमिस्ड यू द मून’. आता दोघं बँकॉकमध्ये शिकतात. यातली ताटातूट अधिक जड आहे, कारण ती कुणी बाहेरचं घडवत नाही. वेगवेगळी विद्यापीठं, वेगवेगळे मित्र, ‘ते’चं नाटकवेड, त्या नाटकात भेटलेल्या एका मोठ्या मुलाकडे ओढलं जाणं. बऱ्याच चाहत्यांना हे पर्व रुचलं नाही. मला ते पहिल्याइतकंच प्रामाणिक वाटतं. विशी-बाविशीतली प्रेमं बहुतेक अशीच, हळूहळू, कुणी खलनायक नसताना उसवतात.

समलिंगी प्रेमाच्या मालिका थायलंडमध्ये गेल्या दहा वर्षांत खूप वाढल्या. त्यांत उथळ मालही भरपूर आहे, नटांच्या जोड्या विकण्याचा बाजारही आहे. तरी या लाटेनं एक काम केलं: दुराव्याचं कारण जे आजवर बोललंच जात नव्हतं, ते बोलून दाखवलं. १८ जून २०२४ ला थाई सिनेटनं विवाह समानतेचा कायदा मंजूर केला आणि २३ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. आग्नेय आशियात असं करणारा थायलंड पहिला देश. डॉक्टर फालादा आणि अर्न यांची गोष्ट नेमकी कायदा मंजूर झाला त्याच वर्षी, देशाच्या एका जुन्या मोठ्या वाहिनीवर, रात्रीच्या मुख्य वेळी लागली. त्यांच्या आड कायदा आता उभा नाही. घर, आई, लोकांची नजर आणि स्वतःची भीती अजून आहे, आणि मालिका तिथेच रेंगाळते.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी फुकेतच्या त्या पाच भागांपासून करावी. मग ‘वान्तोंग’ आणि त्यानंतर जमेल तिथे ‘खू काम’ची एखादी आवृत्ती. अनेक थाई वाहिन्या आपल्या मालिका इंग्रजी उपशीर्षकांसह यूट्यूबवर टाकतात. मराठीत मात्र उपशीर्षकं अजून सहसा मिळत नाहीत, आणि आपल्याकडच्या भाषांतरकारांनी, मंचांनी हे काम मनावर घ्यायला हवं. तोवर घरातल्या तरुण मुलांनी आई-आजीला शेजारी बसवून, थांबवत थांबवत अर्थ सांगत एखादा भाग बघावा. वेग वाढवू नका, आणि अबोल्याचे प्रसंग पुढे ढकलू नका.